क्रॉफर्ड मार्केटातील दोन शेतकरी

मुंबईच्या इंग्रजकालीन बाजारपेठेवर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून, वारसा-फेऱ्यांच्या माहितीपत्रकांतून आणि गुळगुळीत कागदावरच्या छायाचित्रांच्या पुस्तकांतून येणारे हे लेखन बहुधा एकाच साच्याचे असते. आधी इमारतीचे नाव, मग वास्तुविशारदाचे, मग शैली कोणती याची चर्चा, मग एखादी गमतीदार आख्यायिका आणि अखेरीस हे वैभव जपले पाहिजे असा उसासा. हे लेखन खोटे असते अशी आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्यात बाजार नसतो. माल आणणारा नसतो, भाव पाडणारा नसतो, वजनात मारणारा नसतो आणि ही सारी देवघेव ज्या भाषांतून झाली त्या भाषाही नसतात. उरतो तो दगड. आम्ही मराठी शिकविणारी माणसे. दगडाविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा वकूब नाही. परंतु या बाजारपेठेतील एका इमारतीच्या दर्शनी भागावर शेतकरी कोरलेला आहे आणि आज ती इमारत ज्यांच्या नावाने ओळखली जावी अशी अपेक्षा आहे, त्यांनीही एक शेतकरी लिहून ठेवला आहे. हे दोघे समोरासमोर उभे केल्याखेरीज तो बाजार वाचता येत नाही असे आमचे मत आहे.

आम्ही म्हणजे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात मराठी शिकविणारे तिघे. आमच्या किनाऱ्याचे आणि त्या बाजाराचे नाते समजून घेतल्यावाचून पुढचे मुद्दे कळणार नाहीत, म्हणून थोडे त्याविषयी. आमच्याकडे ‘मुंबईस जाणे’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ होते: नोकरीला जाणे आणि खरेदीला जाणे. लग्न ठरले की बस्ता बांधायला मुंबई. मंगळदास मार्केटात कापड, झवेरी बाजारात डाग, भुलेश्वरात बाकी सटरफटर, आणि परतीची लाँच चुकू नये म्हणून सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. रेवसहून भाऊच्या धक्क्याला किंवा मांडव्याहून गेटवेला तासाभराच्या अंतरावर असलेले हे शहर आम्हाला पुण्याहून जवळचे. १९८१ पर्यंत आमच्या जिल्ह्याचे नावही कुलाबा होते आणि मुंबईच्या दक्षिण टोकाचे नावही कुलाबाच. नावांची ही जोडी आमच्या विद्यार्थ्यांना आता समजावून सांगावी लागते. ही ये-जा एकतर्फी नव्हती. इकडून मासळी, भाजीपाला, कलिंगडे, पांढरा कांदा, सुपारी आणि माणसे जात. दिवेआगरचे नाव आडनावात वागविणारे सामाजी हसाजी दिवेकर या बेने इस्रायली सुभेदाराने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. मशीद बंदर या स्थानकाचे नाव याच ‘मशिदी’वरून पडले असे सांगतात. हा भाग क्रॉफर्ड मार्केटपासून फार लांब नाही. तेव्हा ज्याला वारसा-फेरीत ‘ब्रिटिश बॉम्बे’ म्हणतात, त्याच्या पायात आमच्या किनाऱ्याचीही वाळू आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो. सहल म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकविताना ‘नगर’ हा शब्द वारंवार येतो आणि तो वर्गात हवेत तरंगत राहतो, हे त्यामागचे कारण. गेटवेवरून काळ्या घोड्याकडे, तेथून हुतात्मा चौक आणि मग दादाभाई नौरोजी मार्गाने सरळ उत्तरेला मार्केटपर्यंत, असा चालत जाण्याचा बेत होता. या रस्त्याविषयी थोडक्यात सांगतो. कोटाची तटबंदी १८६० नंतरच्या काही वर्षांत, बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत पाडली गेली आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेल्या पैशावर हे नवे शहर उभे राहू लागले. हॉर्नबी रोडवर पुढे जी मोठी दुकाने झाली, त्यांच्यासमोर पादचाऱ्यांसाठी सलग कमानींची ओसरी ठेवलीच पाहिजे असा नियम १८९६ मध्ये करण्यात आला. ऊन-पावसातून सुटका करणाऱ्या त्या ओसरीखालून आजही चालता येते. मात्र तिच्यातील निम्मी जागा पथारीवाल्यांची आहे आणि आमच्या मते ती तशी आहे म्हणूनच रस्ता जिवंत आहे. व्हाइटवे लेडलॉ या विलायती दुकानाच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले. हॉर्नबी हा अठराव्या शतकातील गव्हर्नर. त्याचे नाव जाऊन रस्त्याला ज्यांचे नाव मिळाले त्या दादाभाईंनी हिंदुस्थानातून विलायतेत वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडण्यात आयुष्य घालविले. म्हणजे ज्या रस्त्यावर विलायती माल काचेआड मांडला जात होता, तो रस्ताच आज त्या हिशेबनिसाच्या नावाने आहे. पाटी वाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या हे ध्यानात येते? आमच्या विद्यार्थ्यांच्या आले नव्हते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. रस्त्यांची नावे बदलताना त्या बदलाचा अर्थ सांगण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

आता मार्केट. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा आराखडा विल्यम एमर्सन याचा. नाव मिळाले ते शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याचे. १८८२ मध्ये येथे विजेचे दिवे लागले. हिंदुस्थानात वीज खेळविलेली ही पहिली इमारत असे म्हटले जाते. (विजेचा आणि आमचाही एक संबंध आहे. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांना तो उपद्रव सोसणार नाही, म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आली. शहराला नको असलेली शांतता आमच्याकडे पाठविण्याची ही प्रथा तशी जुनीच.) प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे आणि आतील कारंजे लॉकवुड किपलिंग याने कल्पिलेले. हा समोरच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षक. वारसा-फेरीचे मार्गदर्शक येथे हमखास थांबतात आणि सांगतात की हा रडयार्ड किपलिंगचा बाप. झाले. शिल्पात काय आहे ते सांगण्याची वेळ येत नाही, कारण मुलाच्या नावाने बापाची ओळख पुरी झालेली असते.

शिल्पात शेतकरी आहेत. धष्टपुष्ट, डौलदार, एका लयीत उभे असलेले श्रमिक देह. गव्हाच्या शेतातील शेतकरी असे त्यांचे वर्णन करण्यात येते. आमच्यातील एका मुलीने, जिच्या घरी चार पिढ्या भात लावला जातो, बराच वेळ मान वर करून पाहिले आणि म्हणाली, “मॅडम, हा आमच्याकडचा नाही.” तिचे म्हणणे पिकापुरते होते. पण त्यातून आम्हाला जे बोलायचे होते त्याची वाट मोकळी झाली. हा शेतकरी कोणाकडचाच नाही. तो युरोपीय शिल्पपरंपरेतील सुगीच्या दृश्यांतून आलेला आहे आणि त्याला डोक्याचे वस्त्र तेवढे हिंदी दिलेले आहे. किपलिंग थोरला हा साधा हस्तक नव्हता. देशी कारागिरांविषयी त्याला खरा जिव्हाळा होता आणि त्यांच्या हस्तकौशल्याची त्याने मनापासून कदर केली, हे मान्यच केले पाहिजे. तरीही बाजाराच्या दारावर त्याने जो शेतकरी बसविला, तो भरल्या कणसांच्या मधोमध उभा आहे. त्याच्या अंगावर कर्ज नाही. माल विकल्यावर त्याच्या हाती काय राहिले, हा प्रश्न त्या दगडाला पडत नाही. पडायचे कारणही नव्हते. बाजार बांधणाऱ्या शहराला स्वतःच्या पुरवठ्याचे जे चित्र पाहायला आवडेल, ते त्याने दिले.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. हा ग्रंथ आम्ही वर्गात शिकवितो आणि बहुतेक ठिकाणी शिकविला जातो तसाच आजवर शिकवीत आलो: प्रस्तावनेतील विद्येविषयीच्या त्या प्रसिद्ध ओळी, भटशाहीवरील टीका, सामाजिक विचारांचे महत्त्व, दहा गुणांचा प्रश्न. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात बाजाराविषयीचा एक छोटा उल्लेख आहे, त्याकडे मात्र फारसे कोणी थांबत नाही. शेतकरी गाडीभर भाजीपाला घेऊन शहरात येतो. दलाल वजनात फसवितो, नगरपालिका जकात घेते, गाडीचे भाडे उलट अंगावर पडते आणि रिकाम्या हाताने घरी परतलेल्या माणसाला मुलाबाळांपुढे बोंब मारण्यावाचून काही उरत नाही. फुल्यांनी हे सारे एका दमाच्या लांब वाक्यात बसविले आहे. वाक्य संपते तेव्हा माल संपलेला असतो. मराठी गद्यात वाक्यरचनेनेच अर्थव्यवहार दाखविण्याची अशी उदाहरणे थोडी आहेत आणि शैलीविचार शिकविताना आपण ती सोडून अलंकारांमागे लागतो, हे आमच्या व्यवसायाचे वैगुण्य आहे.

मार्केटच्या दारासमोर, रहदारीच्या गोंगाटात, ते वाक्य मोठ्याने वाचून घेतले तेव्हा त्यातील ‘म्युनिसिपालटी’ हा शब्द विद्यार्थ्यांना प्रथमच दिसला असे म्हटले तरी चालेल. वर्गात तो एक जुनाट इंग्रजी शब्द होता. येथे तो डोक्यावर मनोऱ्यासकट उभा होता. फुल्यांना नगरपालिका बाहेरून ठाऊक नव्हती. १८७६ ते १८८२ या काळात ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावाला १८८० मध्ये एकट्यानेच विरोध करणारे सभासद तेच. बाजारही त्यांना बाहेरून ठाऊक नव्हता. ‘फुले’ हे आडनावच मुळी घराण्याच्या फुलांच्या व्यवसायातून आलेले. म्हणूनच असुडातील शेतकरी हा नुसता करुणेचा विषय होत नाही. त्याच्या दुःखाला प्रत्येक ठिकाणी नेमका खर्चाचा रकाना आहे. करुण शेतकरी मराठी कवितेत आणि चित्रपटात पुढे उदंड झाले. रकान्यांचा शेतकरी मात्र फारसा कोणी लिहिला नाही.

या दोन शेतकऱ्यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते आणि ती इतकी विलक्षण आहे की कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून जुळवलेली म्हटले असते. १८८८ हे ते साल. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि दागदागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. हा प्रसंग चरित्रांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. परिचयाचे नाही ते असे, की याच ड्यूकच्या इंग्लंडातील बॅगशॉट पार्क या निवासस्थानात हिंदी धर्तीची लाकडी कोरीवकामाची एक खोली करवून घेण्यात आली होती, आणि तिचे काम लॉकवुड किपलिंग व त्याचा शिष्य भाई रामसिंग यांच्याकडे होते. म्हणजे ज्या राजपुत्राने किपलिंगच्या हातचा हिंदुस्थान पैसे देऊन घरी नेला, त्याच्याच पुढ्यात फुल्यांनी अंगावर घोंगडी घेऊन दुसरा हिंदुस्थान उभा केला. आम्हाला हा योगायोग वाटतो, पण निरर्थक वाटत नाही.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्याच्या सभागृहात रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार होऊन त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. आज मार्केटच्या पाटीवर जे ‘महात्मा जोतिबा फुले मंडई’ असे लिहिलेले आहे, त्यातील पहिला शब्द याच परिसरातला आहे. तो सरकारने दिलेला नाही. कोळीवाड्यात जमलेल्या लोकांनी दिलेला आहे. किनाऱ्यावरच्या आमच्या विद्यार्थ्यांना या वाक्यातील ‘कोळीवाडा’ हा शब्द परका नाही, ही गोष्ट शिकविणाऱ्याच्या दृष्टीने लहान नव्हे.

आणि त्याच १८८८ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पुरता बदनाम झाला. मुंबईतील त्याची कारकीर्द १८७१ मध्ये उधळपट्टीच्या आरोपांनी संपली होती. करदात्यांच्या त्या ओरड्यातूनच पुढे महानगरपालिकेचा १८७२ चा कायदा आला आणि तरुण फिरोजशहा मेहतांनी तेव्हा क्रॉफर्डची बाजू घेतली होती, हेही नमूद करायला हवे. मुंबईचे आरोग्य आणि बाजार सुधारण्याचे त्याचे काम खोटे नव्हते. परंतु पुढे मध्य विभागाचा कमिशनर असताना मामलेदारांकडून नेमणुका व बदल्यांसाठी हनमंतराव नावाच्या हस्तकामार्फत पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. चौकशीत लाचेचा आरोप सिद्ध धरला गेला नाही, अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा धरला गेला आणि तो नोकरीतून गेला. अभय देऊन ज्यांच्या साक्षी घेतल्या त्या मामलेदारांवरच पुढे गदा आली आणि ‘केसरी’ने त्यांची बाजू लढविली. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात हे प्रकरण येते ते टिळकांच्या संदर्भात. आम्ही ते फुल्यांच्या संदर्भात वाचू इच्छितो. पाच वर्षे आधी असुडात सरकारी खात्यांतील लाचखोरीचे जे वर्णन आले, ते खालच्या अंमलदारांपर्यंतचे होते. मामलेदार आपल्या बदलीसाठी वर जे पैसे देई, ते त्याने कोठून आणलेले असणार? क्रॉफर्ड प्रकरणाने साखळीचे वरचे टोक दाखविले. खालचे टोक फुल्यांनी आधीच दाखविले होते. केसरीकारांनी मामलेदारांची कैफियत मांडली आणि ती मांडण्यासारखी होतीही, पण ज्याच्या खिशातून हा पैसा निघाला त्याची कैफियत त्या गदारोळात कोणी मांडली नाही. तोवर ‘असूड’ छापूनही पुरा झाला नव्हता. ‘दीनबंधू’ने त्याचे सुरुवातीचे भाग छापून पुढचे छापायचे थांबविले होते. फुल्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले ते १९६९ मध्ये. मार्केटला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

तरीही सगळे लोक क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. आम्हीही म्हणतो; या लेखाच्या शीर्षकातही तेच आहे. यावर आमचे काही स्नेही रागावतात आणि त्यांचा राग आम्हाला समजतो. परंतु जुने नाव खोडून नवे लिहिले म्हणजे काम झाले, ही समजूत आम्हाला जुन्या नावाच्या सवयीपेक्षा अधिक घातक वाटते. दर्शनी भागावर किपलिंगचा शेतकरी आणि पाटीवर फुल्यांचे नाव ही एकावर एक लिहिलेली दोन लेखने आहेत. जुन्या पोथीत पुसट अक्षरांवर नवी अक्षरे लिहिलेली सापडतात तेव्हा अभ्यासक दोन्ही वाचतात. आपण येथे दोन्ही वाचीत नाही. वारसाप्रेमी शिल्प पाहतात, अस्मितावादी पाटी पाहतात, आणि या दोघांच्या मधून हातगाडी ‘बाजू, बाजू’ करीत निघून जाते. २०२२ मध्ये दुकानांच्या पाट्या मराठीत असण्याची सक्ती कायद्याने अधिक कडक झाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना त्यासाठी मुदत घालून दिली. पाट्या आल्या, त्याचे आम्हाला समाधानच आहे. पाटीआडच्या व्यवहारात मराठी किती राहिली हे मार्केटात दोन तास घालविणाऱ्याला कळतेच. तेथे प्रत्यक्षात चालते ती हिंदी, गुजराती, कच्छी, मराठी यांची खिचडी, आणि ती आम्हाला मुळीच कमी प्रतीची वाटत नाही. बाजाराची भाषा शुद्ध असली तर समजावे की गिऱ्हाईक नाही.

यातून आम्ही आमच्या क्षेत्राकडे येतो. मराठी समीक्षेत ‘महानगरी जाणीव’ हा शब्द इतका वापरला गेला आहे की तो आता गुळगुळीत झाला आहे. या जाणिवेचा भूगोल पाहिला तर चाळ, गिरणी, झोपडपट्टी, लोकल आणि फार तर इराण्याचे हॉटेल. नारायण सुर्वे, बाबूराव बागूल, भाऊ पाध्ये, नामदेव ढसाळ यांनी जे उभे केले त्याचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण बाजार? जेथे गाव आणि शहर रोज पहाटे एकमेकांच्या तोंडावर येतात ती जागा या साहित्यात सामान विकत घेण्यापुरतीच येते. ज्या नगरवर्णनापासून आपण या परंपरेचा आरंभ धरतो, त्या गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात असे नव्हते. गोव्याकडून आलेला हा शिक्षक शहर बघताना बाजार, धंदे, जाती, रस्ते, तलाव सगळे टिपत जातो. त्याला शहर ही मनोवस्था वाटत नाही, व्यवस्था वाटते. पुढे आपण व्यवस्था सोडली आणि मनोवस्था धरली. काळ्या घोड्याच्या फुटपाथावरील माणसे, कचरा वेचणाऱ्या बाया, पहाटेची न्याहारी हे सारे तपशिलाने कवितेत आणले ते अरुण कोलटकरांनी, ‘वेसाइड इन’च्या खिडकीशी बसून, पण ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) हा संग्रह त्यांनी इंग्रजीत लिहिला. द्विभाषक कवीने कोणत्या भाषेत काय लिहावे हे सांगणारे आम्ही कोण? तरी त्या चौकात विद्यार्थ्यांसह उभे असताना मराठीच्या अध्यापकाला थोडे चुकचुकल्यासारखे वाटते, हे लपवून काय उपयोग.

देशीवादाच्या अंगाने विचार करणारे आमचे एक सहकारी म्हणतात की वसाहतीच्या बाजारपेठेत मराठीचे मूळ शोधणे हाच वैचारिक गोंधळ आहे. शोधायचेच तर आठवडी बाजारात शोधा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आठवडी बाजारावरही लिहायलाच हवे. परंतु असुडाचा लेखक आठवडी बाजारावर थांबला नाही. म्युनिसिपालटी, जकात, इंजिनियर खाते, विलायती माल या सगळ्यांत शिरल्यावाचून आपला शेतकरी समजणार नाही हे त्याने १८८३ मध्येच ओळखले होते. त्याच्याहून अधिक देशी होण्याची आम्हाला हौस नाही.

शिवाय हा केवळ गतकाळाचा विषय असता तर त्यासाठी पन्नास मुलांना लाँचमधून नेण्याचा खटाटोप आम्ही केला नसता. भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीला गेला. क्रॉफर्ड मार्केटात आता परदेशी फळे, सुकामेवा, चॉकलेटे, वाढदिवसाच्या सजावटीचे सामान आणि पिंजऱ्यातले पक्षी अधिक दिसतात. शेजारच्या छत्रपती शिवाजी मंडईची इमारत धोकादायक ठरली आणि तेथील मासेविक्रेत्यांना ऐरोलीला हलविण्याचा विषय निघाला, तेव्हा २०२१ मध्ये कोळी बायका रस्त्यावर उतरल्या. म्हणजे दारावर शेतकरी कोरलेल्या इमारतीतून शेतमाल बराचसा गेला आणि ‘महात्मा’ ही पदवी जेथे दिली गेली त्या भागात कोळणींना आपल्या जागेसाठी भांडावे लागले. याच सुमारास आमच्या बाजूला उलटी हालचाल सुरू होती. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट आली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. पूर्वी आमचा माल बाजाराकडे जात असे. आता बाजार आमच्याकडे येतो आहे आणि त्याला भाजी नको आहे, जमीन हवी आहे. आमच्या वर्गातील किती मुलांच्या घरचे शेत मागील दहा वर्षांत बंगल्यांच्या कुंपणाआड गेले याची मोजदाद आम्ही केली नाही; विचारताना संकोच होतो. मुलांच्या बोलण्यात ‘आमचं शेत होतं’ हे भूतकाळी वाक्य वारंवार येते एवढे खरे. त्या कुंपणांच्या भिंतींवर शोभेसाठी वारली चित्रे काढलेली असतात. त्यांतही शेतकरी असतात, रांगेने भात लावणारे. किपलिंगच्या वंशातले.

परत आल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन लिहायला सांगितले नाही. घरी मालाच्या विक्रीची पट्टी असेल तर तिची प्रत आणा आणि असुडातील त्या वाक्याशेजारी ठेवून वाचा, असे सांगितले. पट्टी म्हणजे अडत्या शेतकऱ्याला देतो तो हिशेबाचा कागद. बहुतेकांकडे नव्हती, काहींच्या घरी माल आता दारावरच उचलला जातो, काहींच्या घरी माल उरलेला नाही. सात जणांनी आणल्या. त्यांतली एक तोंडल्याची होती, दोन पांढऱ्या कांद्याच्या. भाडे, हमाली, तोलाई असे रकाने होते. २०१६ पासून अडत शेतकऱ्याकडून घेऊ नये असा नियम आहे, त्यामुळे तो रकाना कोरा होता. एका पट्टीवर मात्र त्याच जागी ‘इतर’ असे लिहून पुढे रक्कम टाकलेली होती. ती कशाची, हे घरी कोणालाच ठाऊक नव्हते. मार्केटच्या दारावरचा शेतकरी पाहून ‘हा आमच्याकडचा नाही’ म्हणणाऱ्या मुलीने ती पट्टी आणली होती. तिने फुल्यांचे वाक्य आणि पट्टीवरचे रकाने फळ्यावर शेजारी शेजारी उतरविले. जकातीच्या समोर काही लिहायचे का, असे तिने विचारले, आणि थोडा विचार करून तेथे ‘इतर’ हा शब्द लिहिला.